नगरच्या घरात समुद्र : खाऱ्या पाण्यातला मासा निवडण्याचा नऊशे वर्षांचा इतिहास

१/ हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले की पायाखाली कोकण पसरलेले दिसते. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवर आहे. तरीही अहिल्यानगर जिल्ह्यात पडणारा जवळजवळ सगळा पाऊस त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला वाहतो. प्रवरा आणि मुळा गोदावरीच्या वाटेने, सीना आणि घोड भीमेच्या वाटेने शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतात. अशा पाठमोऱ्या जिल्ह्यात एखाद्याने घरच्या काचेच्या टाकीत समुद्री मासे पाळायचे म्हटले, तर कोणते मासे निवडावेत? प्रश्न आजच्या छंदाचा वाटतो, पण त्याचे उत्तर घडायला नऊ शतके लागली आहेत. आजचा धागा त्याविषयी.

२/ सुरुवात कल्याणीच्या चालुक्यांपासून करावी लागते. भूलोकमल्ल सोमेश्वर, म्हणजे तिसरा सोमेश्वर, हा ११२६ ते ११३८ या काळात राज्य करीत होता. आजच्या नगर जिल्ह्याच्या उत्तर भागावर तेव्हा चालुक्यांचे मांडलिक सेऊण यादव होते. दुसऱ्या भिल्लमाचा इ.स. १००० चा ताम्रपट संगमनेरचाच. या सोमेश्वराने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत कोशग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंद ज्या ग्रंथात सापडते तोच हा ग्रंथ. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे नाव त्या ओवीमुळे येते. माशांमुळे मात्र क्वचितच येते.

३/ वास्तविक त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक संपूर्ण प्रकरण आहे. त्यात सुमारे ३५ प्रकारचे मासे येतात. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. थोर कोणते, लहान कोणते, अशी विभागणी राजा करतो. आणि मग तो एका अशा गोष्टीकडे वळतो जी आजही दुकानात उभा राहिलेला हौशी माणूस विचारायला विसरतो : हा मासा खातो काय? कोणाला पिठाचे गोळे द्यायचे, कोणाला मांसाचे तुकडे, हे तो जातीनिहाय सांगतो.

४/ उद्देश अर्थातच मासे पाळून पाहत बसण्याचा नव्हता. खाऊ घालून सरावलेला मासा पुढे राजाच्या गळाला लागायचा होता. प्रकरणाच्या नावातला ‘विनोद’ तो. पण हेतू बाजूला ठेवला तर पद्धत शिल्लक राहते. माशाची निवड रंगावरून न करता त्याचे पाणी, आकार आणि आहार यांवरून करायची, हे दख्खनमध्ये बाराव्या शतकात लिहून ठेवलेले होते.

५/ हा ग्रंथ आधुनिक वाचकांच्या हाती आणला तो जी. के. श्रीगोंदेकर यांनी. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत त्यांच्या संपादनाखाली १९२५ पासून त्याचे खंड निघाले. (आडनावातले श्रीगोंदे नगर जिल्ह्यातले, हे जाताजाता.) १९५१ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी ‘मत्स्यविनोदा’तले मासे आधुनिक मत्स्यशास्त्राशी ताडून पाहणारा लेख प्रसिद्ध केला. हे वर्ष लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

६/ पुढे निजामशाहीत नगरला पाणी खेळवण्याची कला शिखराला पोहोचली. खापरी नळांनी लांबून आणलेले पाणी, तळ्याच्या मध्यभागी उभा असलेला फराहबाग महाल, हश्त बिहिश्त बाग. इतिहासप्रेमींना हे सांगायला नको. पण ते सगळे गोड पाणी होते. समुद्राचे पाणी समुद्रापासून दूर जिवंत ठेवणे ही निराळीच विद्या, आणि तिची जुळवाजुळव एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काही घरांत झाली.

७/ १८३२च्या सुमारास सिसिलीतल्या मेसिना इथे जान विलप्रो-पॉवर या संशोधिकेने काचेच्या पेट्यांत समुद्री जीव ठेवून त्यांचे निरीक्षण सुरू केले. अर्गोनॉट हा अष्टपादासारखा प्राणी आपले कवच स्वतःच घडवतो, दुसऱ्याचे चोरत नाही, हे तिने त्या पेट्यांमुळे सिद्ध केले. पण मेसिना समुद्रकाठी. नगरकरांना अधिक जवळची वाटावी अशी गोष्ट पुढची आहे.

८/ १८४६ मध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ दगडी बरणीत भरून लंडनला नेले. घरात समुद्र नाही, पाणी बदलायला किनारा जवळ नाही. मग पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. चहा निववतात तसे. पुढच्या वर्षी बाईंनी त्यात समुद्री शेवाळ घातले आणि तोल साधला. ते प्रवाळ जवळपास तीन वर्षे जगले. आज विजेचा पंप जे करतो ते तेव्हा एका नाव न राहिलेल्या मोलकरणीच्या हातांनी केले. समुद्रापासून दूर टिकलेल्या घरगुती समुद्राच्या श्रेयात तिचा वाटा मोठा आहे.

९/ १८५० मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोड्या पाण्यात मासे, वनस्पती आणि गोगलगायी यांचा समतोल दाखवून दिला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले. त्या पुस्तकाने हा शब्द घरोघरी पोहोचवला. त्याच काळात गॉस यांनी समुद्राच्या पाण्याच्या पृथक्करणावरून क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजलही तयार केले. काचेवरचा कर ब्रिटनमध्ये १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे टाक्या स्वस्त झाल्या होत्या. सगळे जुळून आले.

१०/ आता निवडीचा मुद्दा. गॉस यांच्या पिढीने टाकीत काय ठेवले? समुद्रफुले, कोळंबी, खेकडे, आणि मासे ठेवले तर गोबी, ब्लेनी असे किनाऱ्यावरच्या खडकांतल्या डबक्यांत राहणारे लहान मासे. त्यामागचे कारण आपण नीट समजून घ्यावे. ओहोटीच्या वेळी डबके समुद्रापासून तुटते. दुपारच्या उन्हाने ते तापते, बाष्पीभवनाने अधिक खारट होते, पाऊस आला तर एकदम फिके होते, प्राणवायू घटतो. अशा डबक्यात रोज दोनदा अडकून जगणारा मासा माणसाच्या काचेच्या डबक्यातही जगू शकतो. खोल, स्थिर, अथांग पाण्यात फिरणाऱ्या माशाला हा अनुभवच नसतो.

११/ या छंदाची लाट मात्र १८६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ओसरली. टाक्या नासल्या, जीव मेले, लोक कंटाळले. दरम्यान किनारा ओरबाडला गेला होता. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये लिहिलेल्या आठवणींत, वडिलांच्या पुस्तकांनी चाळवलेल्या संग्राहकांनी ती सुंदर डबकी कशी रिकामी केली, याची खंत नोंदवली आहे. निसर्गप्रेमाच्या पुस्तकातून निसर्गाची लूट सुरू होणे, हा प्रकार या इतिहासात पुन्हा दिसेल.

१२/ नगरसारख्या ठिकाणासाठी निर्णायक शोध मात्र एका जहाजावरून आला. ब्रिटनचे ‘चॅलेंजर’ १८७२ ते १८७६ जगभर फिरले. त्याने जमवलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे विल्हेल्म डिटमार यांनी पृथक्करण केले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : समुद्र कुठलाही असो, खारटपणा कमीजास्त असेल, पण त्यातल्या प्रमुख क्षारांचे परस्परप्रमाण जवळजवळ एकच असते. म्हणजे समुद्राला एक पाककृती आहे. ती कळली की कोरडे मिश्रण पिशवीत भरून कुठेही नेता येते आणि पाण्यात विरघळवता येते.

१३/ ही पाककृती स्वयंपाकघरातल्या मिठाने भागत नाही. समुद्रातल्या विरघळलेल्या द्रव्यांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. त्या उरलेल्यावाचून जीव तगत नाहीत. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला ७ किलो. नगरच्या बोअरचे पाणी कठीण असते, म्हणून आरओचे शुद्ध पाणी घेऊन त्यातच मिश्रण घालावे.

१४/ भारतात पहिले मत्स्यालय उघडले ते १९०९ मध्ये मद्रासला, समुद्रकिनाऱ्यावर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बंद पडले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले ते १९५१ मध्ये. इमारतीचा खर्च ८ लाख रुपये, त्यातले २ लाख तारापोरवाला यांच्या देणगीचे. म्हणजे होरा सोमेश्वराचे मासे ओळखत होते त्याच वर्षी मराठी माणसाला जिवंत समुद्री मासा काचेआड पाहायला मिळाला. घाटावरच्या शाळांच्या मुंबई सहलीत राणीची बाग आणि तारापोरवाला या जोडीला पुढे कित्येक दशके पर्याय नव्हता. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर तिथे काचेसारख्या ॲक्रिलिकचा बोगदाही आला.

१५/ या भेटींनी अनेकांच्या मनात हौस पेरली, आणि एक गैरसमजही. समुद्र हाकेच्या अंतरावर, टाक्या प्रशस्त, देखभालीला नोकरवर्ग, अशा ठिकाणी जो मासा टिकतो तो भिंगारच्या किंवा कोपरगावच्या बैठकीतल्या टाकीत टिकेलच असे नाही. सार्वजनिक मत्स्यालयातली निवड घरी जशीच्या तशी उचलता येत नाही.

१६/ घरच्या टाकीत मासा मरतो तो बहुधा दिसत नाही अशा विषाने. माशाच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो. सूक्ष्मजीव त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जंतू १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी वेगळे काढून दाखवले. नव्या टाकीत ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यात समुद्री माशाची आणखी एक अडचण, जी होमर स्मिथ यांनी १९३० मध्ये उलगडली : खाऱ्या पाण्यातला मासा सतत पाणी पितो, कारण त्याच्या शरीरातले पाणी बाहेर ओढले जात असते. गोड्या पाण्यातला मासा जवळजवळ पीतच नाही. तेव्हा टाकीत जे विरघळले असेल ते समुद्री माशाच्या पोटातही जाते. टाकी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी मासे आणणाऱ्याचे मासे का मरतात, याचे उत्तर या दोन शोधांत आहे.

१७/ आता इतिहासाचा काळा अध्याय. १९६०च्या दशकात फिलिपिन्समध्ये प्रवाळांत लपलेले शोभेचे मासे पकडण्यासाठी सोडियम सायनाइड फवारण्याची पद्धत सुरू झाली. मासा गुंगतो, हाती लागतो, विकला जातो, प्रवाळ मरतो. मासाही कित्येकदा काही दिवसांनी, विकत घेणाऱ्याच्या घरी मरतो. घेणारा स्वतःला दोष देतो आणि दुसरा मासा आणतो. गॉसच्या काळात डबकी रिकामी झाली होती, इथे प्रवाळभिंती झाल्या.

१८/ याच दशकाच्या आरंभी जकार्तातल्या ली चिन एंग यांनी उलट दिशा दाखवली. समुद्रातले जीवजंतूंनी भरलेले दगड टाकीत ठेवून, जवळजवळ यंत्रांवाचून, नुसत्या हवेच्या बुडबुड्यांवर त्यांनी टाक्या चालवल्या. १९६१ मध्ये त्याविषयी लिहिलेही. दगडच गाळणी होतो, ही कल्पना तिथून पसरली. आपल्याकडे मात्र प्रवाळाचा दगड समुद्रातून काढून आणण्याचा विचारही नको. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. सच्छिद्र कोरडा किंवा कृत्रिम दगड घेतला तरी जंतू त्यात वस्ती करतात, फक्त वेळ अधिक लागतो.

१९/ आणि मग क्लाऊनफिश. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा आज नवशिक्याला सुचवला जातो, त्याचे कारण त्याचे रूप नसून त्याची वीण आहे. बहुतेक प्रवाळमासे सूक्ष्म अंडी पाण्यात सोडून देतात. क्लाऊनफिश दगडावर अंडी चिकटवतो, नर त्यांची राखण करतो, आठवडाभराने निघणारी पिल्ले तुलनेने मोठी असतात. म्हणूनच १९७०च्या दशकाच्या आरंभी फ्लोरिडात मार्टिन मो त्यांची व्यापारी पैदास करू शकले. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने हे तंत्र बसवले, आणि आपल्याकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाऊनफिशची पैदास झाली आहे. या माशासाठी समुद्रातल्या प्रवाळाला हात लावावा लागत नाही.

२०/ पैदाशीतल्या क्लाऊनफिशला टाकी हेच जन्मगाव. तो दाणेदार खाद्य खायला शिकलेला असतो, आणि समुद्रफूल नसले तरी त्याचे अडत नाही. लहान वयाचे दोन आणावेत. सगळे नर म्हणूनच वाढतात आणि मोठा होणारा मादी बनतो, त्यामुळे जोडी आपोआप जमते. नीट ठेवला तर तो वीस वर्षांहून अधिक जगू शकतो; दहावीतल्या मुलाने आणला तर त्याच्या लग्नातही असेल.

२१/ त्याच्या सोबतीला? गॉस यांचीच मंडळी पुन्हा आठवावीत : लहान गोबी, लहान ब्लेनी. तळाशी बसतात, थोड्या जागेत रमतात. डॅमसेल मासे स्वस्त आणि चिवट म्हणून दुकानदार पुढे करतात. ते खरेच चिवट, पण बहुतेक भांडखोर. लहान टाकीत पुढे येणाऱ्या प्रत्येकाला पिटाळतात. आणायचेच तर सर्वांत शेवटी. २०० लिटरच्या टाकीत चार-पाच लहान मासे पुरे, तेही एकदम न आणता काही आठवड्यांच्या अंतराने. ज्याला टाकी ओकीबोकी वाटते त्याने दगडांकडे अधिक लक्ष द्यावे, हे माझे मत.

२२/ नगरचा उन्हाळा ही वेगळी परीक्षा. बाहेर पारा ४० अंशांवर जातो आणि टाकीला हवे असतात २४ ते २७. पाणी जितके गरम आणि खारट तितका त्यात प्राणवायू कमी मावतो; त्यात वीज गेली की पंप थांबतो. बॅटरीवरचा हवापंप म्हणून आधी घ्यावा, मासा नंतर. पाण्यावरून वारा घालणारा छोटा पंखा इथल्या कोरड्या हवेत माठाच्या न्यायाने दोन-तीन अंश उतरवतो. मात्र मिठागरात होते तेच टाकीतही होते : पाणी उडते, मीठ मागे राहते. उडालेल्या पाण्याची भर रोज गोड, शुद्ध पाण्यानेच घालायची. खारे पाणी घातले तर टाकी हळूहळू मिठागर होते.

२३/ टाळावेत असे मासे कोणते, हे सांगताना सोमेश्वराचा प्रश्न पुन्हा कामी येतो. फुलपाखरू माशांच्या अनेक जाती जिवंत प्रवाळच खातात. टाकीत त्या उपाशी मरतात. मँडरिन मासा विलक्षण देखणा, पण तो दिवसभर सूक्ष्म जिवंत कवचधारी टिपत असतो; नव्या टाकीत ते नसतात. निळा टँग हातभर नाही तरी वीतभरापेक्षा मोठा होतो, ३० सेंटिमीटरपर्यंत, आणि त्याला पोहायला लांब पल्ला लागतो. सिंहमासा विषारी काट्यांचा. तो १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या समुद्रात, जिथला तो नव्हे तिथे, प्रथम दिसला. माणसांनी टाकीतून सोडलेल्या माशांतून तो तिकडे पसरला असे मानले जाते आणि तिथल्या स्थानिक माशांचा त्याने फडशा पाडला. नकोसा झालेला मासा मुळा धरणात किंवा कोकणच्या खाडीत सोडणे हा मार्ग नव्हे.

२४/ निळ्या टँगवरून एक ऐतिहासिक खबरदारी. ‘फाइंडिंग निमो’ (२००३) आणि ‘फाइंडिंग डोरी’ (२०१६) या चित्रपटांनी या माशांची मागणी प्रचंड वाढवली, असे सर्वत्र वाचायला मिळते. ‘डोरी’बाबत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मात्र लोकांनी माहिती शोधण्याचे प्रमाण वाढले असले तरी आयात वाढल्याचा पुरावा नाही, असे दाखवले. वारंवार सांगितलेली गोष्ट आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत अंतर असते, आणि ते तपासणे हे आपले काम. याच २०१६ मध्ये निळ्या टँगची टाकीत पैदासही प्रथमच साधली; पिवळ्या टँगची त्याआधी एक वर्ष, हवाईत.

२५/ कायद्याची बाजूही पाहावी. समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातले नळीमासे २००१ पासून आपल्या कायद्याने संरक्षित आहेत. कोणी विकत असेल तर घेऊ नये. २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालयांसाठी नियम काढले. त्यांत १५८ जातींवर बंदी होती, त्यांत क्लाऊनफिशही होता. व्यापाऱ्यांचा आणि पाळणाऱ्यांचा विरोध झाला आणि ते नंतर मागे घेण्यात आले. माझ्या मते त्या यादीची खरी उणीव एवढीच की समुद्रातून ओरबाडलेला आणि पैदास केंद्रात जन्मलेला, या दोन माशांना तिने एकाच मापाने मोजले.

२६/ दुकानात गेल्यावर दोनच प्रश्न विचारावेत. पहिला : हा मासा कुठे जन्मला? उत्तर गोलमोल आले तर पुढे चालावे. दुसरा : याला माझ्यासमोर खाऊ घालाल का? खाद्य टाकल्यावर मासा झेपावला, डोळे स्वच्छ आणि श्वास संथ असला, तरच तो घ्यावा. कोपऱ्यात पडून धापा टाकणारा, खाद्याकडे न पाहणारा मासा कितीही सुंदर असो, त्याला तिथेच राहू द्यावे. मोसमी खरेदीचा विचार असेल तर एप्रिल-मे टाळून पावसाळ्यानंतर घ्यावा. मुंबई-पुण्याहून नगरपर्यंतचा पिशवीतला प्रवास त्याला तेव्हा सोसतो.